रूपक कुणाला कळते?

दलित कवितेवर घेतले गेलेले बहुतेक आक्षेप आता जुने झाले आहेत. पण त्यांतला एक अजून मेलेला नाही. या कवितेतल्या प्रतिमा भडक आहेत, रूपके ओबडधोबड आहेत, ती नीट लागत नाहीत, असा तो आक्षेप आहे. चर्चासत्रात तो पूर्वीइतका उघडपणे घेतला जात नाही, एवढाच फरक पडला. कवितांच्या निवडीत, उत्तरपत्रिकेच्या तपासणीत, कवितेच्या तासाला वर्गात होणाऱ्या चुळबुळीत तो आजही काम करतो. 'हे रूपक लागत नाही' असे समीक्षक म्हणतो तेव्हा तो नेमके कशाबद्दल बोलत असतो? कवितेबद्दल, की स्वतःच्या मनाबद्दल?

हा प्रश्न भांडणासाठी विचारलेला नाही. रूपक कळते म्हणजे माणसाच्या मनात काय घडते, याचा अभ्यास तत्त्वज्ञांनी, मानसशास्त्रज्ञांनी आणि संगणकाचा अभ्यास करणाऱ्यांनी गेल्या सत्तर वर्षांत चिकाटीने केला आहे. त्या अभ्यासातून जे हाती लागते ते आपल्या समीक्षेच्या कामाचे आहे. किंबहुना आस्वादाच्या नावाखाली मराठीत जे गृहीत धरले गेले त्याचा पाया त्यातून तपासून घेता येतो. तो तपासावा, एवढाच या लेखाचा हेतू आहे.

१

१९५५ साली मॅक्स ब्लॅक या तत्त्वज्ञाने रूपकावर एक निबंध लिहिला. 'मनुष्य हा लांडगा आहे' हे त्याचे उदाहरण. हे वाक्य कळायला लांडग्याची शास्त्रीय व्याख्या ठाऊक असण्याची गरज नाही, असे त्याचे म्हणणे. लांडगा म्हटले की एखाद्या समाजात जे जे चटकन मनात येते (क्रूर, भुकेला, कळपाने शिकार करणारा) तो सगळा संच माणसावर पडतो, आणि त्या संचाच्या जाळीतून माणूस दिसू लागतो. ब्लॅकने येथे दोन गोष्टी नोंदवल्या आणि दोन्ही आपण लक्षात ठेवण्यासारख्या आहेत. पहिली अशी, की हा संच खरा असण्याची गरज नसते; तो चटकन जागा होणारा असला की पुरे. दुसरी अशी, की एका समाजात चालणारे रूपक दुसऱ्या समाजाला वेडगळ वाटू शकते.

पुढे १९६० नंतर क्विलियन याने माणसाच्या स्मृतीचा एक आराखडा संगणकासाठी तयार केला. त्यात प्रत्येक कल्पना ही एक गाठ असते आणि गाठी एकमेकींना दोऱ्यांनी बांधलेल्या असतात. कॉलिन्स आणि लॉफ्टस यांनी १९७५ साली हा आराखडा अधिक लवचीक केला. एक गाठ हलली की तिच्याशी बांधलेल्या गाठी हलतात, मग त्यांच्या शेजारच्या, आणि अशी हालचाल पसरत पसरत मंदावते. ज्या दोऱ्या वापराने जाड झालेल्या असतात त्यांतून ती लवकर आणि दूर जाते. या जाळ्याला आपण साहचर्याचे जाळे म्हणू.

रूपकाचे गणित या जाळ्यावर मांडण्याचा एक नीट प्रयत्न वॉल्टर किंच याने २००० साली केला. त्याची रीत आपल्या उदाहरणाने सांगतो. 'सावकार ही जळू आहे' हे वाक्य घ्या. जळू या शब्दाभोवती मनात पुष्कळ गोष्टी असतात : डबके, चिखल, बुळबुळीत अंग, रक्त, चिकटून बसणे, चावताना न कळणे, पिऊन तट्ट फुगणे, वैद्याने गळवावर लावणे. सावकाराभोवती असतात वही, व्याज, अंगठा, तारण, गोड बोलणे, न फिटणारे कर्ज. वाक्य ऐकताच जळूभोवतीच्या सगळ्या गाठी हलतात. पण ज्यांना सावकाराच्या बाजूने प्रतिसाद मिळतो त्याच तग धरतात. रक्ताला व्याज भेटते, चिकटण्याला न फिटणारे कर्ज भेटते, चावताना न कळण्याला गोड बोलणे भेटते. चिखल आणि बुळबुळ मागे पडतात. जे उजळले आणि जे विझले, त्या दोहोंतून अर्थ तयार होतो.

आता हेच वाक्य सावकाराच्या मुलाने ऐकले तर? त्याच्या जाळ्यात सावकार म्हणजे रात्री-अपरात्री लग्नाला, दवाखान्याला, बियाण्याला पैसे काढून देणारा माणूस. तेथे वैद्याची जळू विझणार नाही. 'दूषित रक्त शोषून बरे करणारी' असाही अर्थ त्याला निघू शकेल, आणि तो प्रामाणिकपणे निघू शकेल. शब्द तेच, व्याकरण तेच. मग अर्थ फिरला कशाने? त्याच्या घराने आणि त्याच्या घराच्या वहीने.

२

ही चर्चा हवेत राहू नये म्हणून एक गाव डोळ्यांपुढे ठेवू. इस्लापूर हे नांदेड जिल्ह्याच्या किनवट तालुक्यातले गाव. जवळच पैनगंगेवरचा सहस्रकुंडाचा धबधबा आहे. नदीपलीकडे विदर्भ सुरू होतो. हा तालुका १९५६ च्या राज्यपुनर्रचनेपर्यंत हैदराबाद राज्याच्या आदिलाबाद जिल्ह्यात होता. मराठी, तेलुगू, उर्दू, गोंडी, कोलामी, बंजारा बोली अशा भाषा या मुलखात शेजारी शेजारी नांदतात. बौद्ध, मातंग, गोंड, कोलाम, आंध, परधान, बंजारा या समाजांची मुले एकाच बाकावर बसून एकच मराठी पाठ्यपुस्तक उघडतात.

रूपकांच्या अभ्यासात पुन्हा पुन्हा येणारी दोन पाश्चात्त्य उदाहरणे आहेत. 'माझा वकील शार्क आहे' हे एक, आणि 'माझी नोकरी तुरुंग आहे' हे दुसरे. शार्क मासा इस्लापूरला कुणी पाहिलेला नसणार, ते सोडून देऊ. नोकरीचे उदाहरण मात्र विचार करण्याजोगे आहे. ज्या घरात नोकरी पिढ्यान्‌पिढ्या आहे, त्या घरात नोकरीभोवती कंटाळा, घड्याळ, साहेब, चार भिंती या गाठी आपोआप जमतात. तुरुंग हा शब्द आला की त्या उजळतात आणि रूपक लागते. पण ज्या घरात बापाने सालगडी म्हणून जन्म काढला आणि मुलगा आरक्षणामुळे तलाठी झाला, त्या घरात नोकरी या शब्दाला काय बांधलेले असते? पगाराची तारीख, पक्के घर, बहिणीचे शिक्षण, चावडीवर बसायला मिळालेली खुर्ची. तेथे तुरुंग आणि नोकरी यांची गाठ पडत नाही. उलट सालगडी आणि तुरुंग यांची ताबडतोब पडते. मग या मुलाला रूपक कळत नाही असे म्हणायचे, की त्या रूपकाला हा मुलगा ठाऊक नाही असे म्हणायचे?

आणखी एक गोष्ट येथे नोंदवली पाहिजे. किंचने आपल्या सिद्धान्ताची चाचणी घेण्यासाठी शब्दांची जवळीक मोजली ती एका मोठ्या मजकूर-साठ्यावरून. अमेरिकेतला विद्यार्थी शाळेपासून कॉलेजच्या पहिल्या वर्षापर्यंत जे वाचतो, तशा मजकुराचा तो साठा होता. यात लबाडी काही नाही. कोणते तरी जाळे घ्यावेच लागते. मात्र 'मानवी मन' असे नाव देऊन जे मांडले गेले ते एका देशातल्या एका प्रकारच्या वाचनाचे मन होते. जाळे ही गोष्ट सार्वत्रिक आहे, जाळ्यातल्या गाठी सार्वत्रिक नाहीत. हा फरक निसटला की शास्त्रसुद्धा प्रस्थापिताच्या बाजूला जाऊन बसते.

हे कसे घडते याचा नमुना फार जुना आहे. १९१० साली अमेरिकेत केंट आणि रोझानॉफ यांनी १०० शब्दांची यादी १००० माणसांपुढे ठेवली. एक शब्द सांगायचा, त्यावर पहिला मनात येईल तो शब्द उत्तरणाऱ्याने सांगायचा. जी उत्तरे पुष्कळांनी दिली ती 'सामान्य', जी कुणीच दिली नव्हती ती 'वैयक्तिक', अशी विभागणी झाली. आणि मग मनोरुग्णांची उत्तरे या मापाने तपासली गेली. बहुसंख्यांच्या साहचर्यापासून दूर असणे हे विकाराचे लक्षण म्हणून वाचले गेले. मराठी समीक्षेत 'विकृत', 'बीभत्स', 'असंबद्ध' हे शब्द कुणाच्या कवितेसाठी वापरले गेले ते आठवा. शंभर शब्दांची ती यादी आपल्याकडे कुणी छापली नाही; पण माप तेच होते.

३

आपल्या साहित्यशास्त्राला हे जाळे अगदीच अनोळखी होते असे नाही. लक्षणा आणि व्यंजना यांची चर्चा करताना मम्मटासारखे आचार्य एक प्रसिद्ध उदाहरण देतात. 'गंगेवर गवळ्यांची वस्ती आहे' असे कुणी म्हणाले. पाण्यावर वस्ती असू शकत नाही, म्हणून अर्थ घ्यायचा तो काठावरच्या वस्तीचा. मग सरळ 'काठावर' असे का म्हटले नाही? कारण गंगा म्हटल्याने शीतलता आणि पावित्र्य सुचते. अभिनवगुप्ताने तर प्रेक्षकाच्या मनात आधीच असलेल्या वासना, म्हणजे साठलेले संस्कार, जागे झाल्याशिवाय रसास्वाद होत नाही असे सांगितले. साहचर्याचे जाळे यापेक्षा वेगळे काय आहे?

घोटाळा पुढच्या पायरीवर होतो. या वासना अनादी आहेत आणि सर्वांच्या ठायी सारख्या आहेत, असे धरून चालले जाते. आणि सहृदय कोण? तर काव्याच्या सततच्या अभ्यासाने ज्याचे मन आरशासारखे स्वच्छ झाले आहे तो. काव्याचा अभ्यास करण्याची मुभा कुणाला होती, हा प्रश्न या व्याख्येत उमटत नाही. पाणी म्हटले की शीतलता आणि पावित्र्य सुचावे, ही अपेक्षा कुणाच्या पाणवठ्यावर घडली? २० मार्च १९२७ रोजी डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी महाडच्या चवदार तळ्याचे पाणी ओंजळीत घेतले. त्यानंतर आमच्या जाळ्यात पाण्याला जे बांधले गेले ते काही और आहे : रांजण, वरून ओतलेली धार, विटाळ, लाठ्या, सत्याग्रह, हक्क, कोर्ट. दलित कवितेत पाणी येते तेव्हा ही सगळी गाठोडी हलतात. ज्याच्या मनात ती नाहीत त्याला तेथे फक्त प्रचार दिसतो. शीतलता दिसली नाही म्हणून तो कवितेला नापास करतो.

ब्लॅकने सांगितलेली पहिली गोष्ट येथे पुन्हा आठवावी. साहचर्याचा संच खरा असण्याची गरज नसते. खेड्यापाड्यांतून आजही एखाद्या माणसाच्या वागण्याला नाव ठेवताना जातीचे नाव विशेषणासारखे फेकले जाते. ते एक रूपकच असते आणि ते क्षणात 'लागते', कारण त्यामागची खोटी गाठोडी शतकानुशतके वापरून जाड झालेली आहेत. त्याला दुर्बोध म्हटल्याचे कुणी ऐकले आहे? १९८९ च्या अत्याचार प्रतिबंधक कायद्याने लोकांदेखत जातीवरून केलेल्या अपमानाला गुन्हा ठरवले. शब्दाला काय बांधलेले आहे हे कायद्याला कळले, ते काव्यशास्त्राला कळायला उशीर लागावा हे नवलच.

४

आता मराठी कवितेकडे वळू. १९७२ साली नामदेव ढसाळ यांचा 'गोलपिठा' आला. त्याला प्रस्तावना विजय तेंडुलकर यांची होती. यातले कित्येक शब्द आपल्याला कळले नाहीत, हे तेंडुलकरांनी तेथे मोकळेपणाने नोंदवले आणि कवीकडून त्यांचे अर्थ समजून घेतले. मराठीतल्या एका थोर लेखकाला मराठीतली कविता कळण्यासाठी शब्दार्थ विचारावे लागले, ही घटना पुष्कळांना गमतीची वाटली. ती गंभीर होती. त्यांच्या जाळ्यात ज्या गाठीच नव्हत्या त्या त्यांनी आधी बांधून घेतल्या आणि मग कविता वाचली. समीक्षेचे पहिले काम हेच आहे.

मर्ढेकरांच्या बाबतीत हे काम सगळ्यांनी मिळून केले. त्यांच्या यंत्रयुगीन प्रतिमा, ती मेलेल्या उंदरांची कविता, १९४७ च्या सुमारास दुर्बोध ठरली होती. अश्लीलतेचा खटलाही झाला आणि ते त्यातून निर्दोष सुटले. पुढे टीका लिहिल्या गेल्या, वर्गांतून अर्थ लावले गेले, आणि एका पिढीने ती प्रतिमासृष्टी आपलीशी केली. दुर्बोधता टिकाऊ नसते. शिकवण्याने, बोलण्याने, पुन्हा पुन्हा वाचण्याने नव्या दोऱ्या तयार होतात. मर्ढेकरांसाठी जितके कष्ट घेतले गेले तितके ढसाळांसाठी, वामन निंबाळकरांसाठी, त्र्यंबक सपकाळे यांच्यासाठी शाळा-कॉलेजांतून घेतले गेले का? एवढाच आपला प्रश्न आहे.

पुस्तकांची नावेच पाहा. दया पवार यांचा 'कोंडवाडा' १९७४ चा. मोकाट जनावर कोंडवाड्यात घालतात; मालक दंड भरतो आणि सोडवून नेतो. ज्याचे बैल कधी कोंडवाड्यात गेले असतील त्याच्या जाळ्यात दंड आणि सुटका या गाठी मोठ्या असतील. ज्याला स्वतःलाच कोंडल्यासारखे जगावे लागले त्याच्या जाळ्यात सुटकेची गाठच नाही. दंड भरून सोडवणारा मालक येणार नाही, येऊही नये. एकच शब्द एकाला तक्रार वाटतो आणि दुसऱ्याला सबंध समाजरचनेचे वर्णन. १९८४ चे शरणकुमार लिंबाळे यांचे 'अक्करमाशी' घ्या. बारा मासे म्हणजे एक तोळा. अकरा माशांचा तो खोटा, भेसळीचा. सोनाराच्या तराजूवरचा हा शब्द अनौरस माणसाला चिकटवला गेला. वापरणारे तराजू विसरले, शिवी राहिली. लेखकाने ती शिवी मुखपृष्ठावर छापली आणि वाचकाला पुन्हा तराजूपाशी नेले : हे वजन कुणी ठरवले? लातूर जिल्ह्यातल्या लक्ष्मण गायकवाड यांच्या 'उचल्या'नेही १९८७ साली हेच केले. चिकटवलेले नाव हाती घेऊन त्याच्या दोऱ्या उसवल्या. रूपकाचे हे काम अलंकाराचे नाही. जे साहचर्य समाजाने लादले ते तोडून दुसरे बांधण्याचे आहे.

या कामाची परंपराही आपलीच आहे. जोतीराव फुल्यांनी १८७३ च्या 'गुलामगिरी'त दशावतारांची कथा उलटी वाचली. वामन, वराह, नृसिंह ही नावे ज्या भक्तिभावाला बांधली होती तेथून सोडवून त्यांनी ती आक्रमणाला बांधली, आणि बळीला राजा केले. 'इडा पिडा टळो, बळीचं राज्य येवो' ही म्हण घरोघरी होतीच. दोरा तुटलेला नव्हता, झाकलेला होता. २ मार्च १९५८ रोजी मुंबईच्या पहिल्या दलित साहित्य संमेलनात अण्णा भाऊ साठे यांनी पृथ्वीला शेषाच्या मस्तकावरून उतरवून राबणाऱ्या माणसाच्या हाती दिले. पुराणातली प्रतिमा तशीच ठेवून तिच्या खालचा आधार बदलायचा, ही किमया दोघांचीही.

आणि काही शब्द असे असतात की तेथे रूपक होणेच थांबते. मराठी कवितेत आग पुष्कळ आहे : विरहाची आग, वैराग्याची आग, पोटातली आग. २७ जुलै १९७८ रोजी मराठवाडा विद्यापीठाला बाबासाहेबांचे नाव देण्याचा ठराव विधिमंडळात झाला आणि मराठवाड्यात दलित वस्त्या पेटवल्या गेल्या. याच नांदेड जिल्ह्यात टेंभुर्णीच्या पोचिराम कांबळे यांना जिवंत जाळण्यात आले. १९९३ साली नांदेडला गौतम वाघमारे यांनी नामांतरासाठी स्वतःला जाळून घेतले. १४ जानेवारी १९९४ ला नामविस्तार झाला. या जिल्ह्यातल्या वस्तीवर वाढलेल्या माणसाच्या मनात आग या गाठीला कुडाच्या भिंती, धान्याची कणगी आणि माणसांची नावे बांधलेली आहेत. शब्दाचा हा वाच्यार्थ इतका जाड असतो की हालचाल त्याच्यापुढे जातच नाही. १९७८ नंतरच्या मराठवाड्यातल्या कवितेत आग येते तेव्हा समीक्षक तिला 'विद्रोहाचे ठरावीक प्रतीक' म्हणतो. ज्याला तो प्रतीक म्हणतो ती कित्येकदा नुसती बातमी असते. ते ओळखण्यासाठी काव्यशास्त्र पुरत नाही, जिल्हा ठाऊक असावा लागतो.

५

येथपर्यंतचे म्हणणे आपल्या वाचकांना पटेल, कारण ते आपल्या बाजूचे आहे. पण हीच कसोटी स्वतःलाही लावली पाहिजे; नाहीतर ती कसोटी राहणार नाही.

सूर्याचे उदाहरण घेऊ. परंपरेत सूर्याला अर्घ्य, गायत्री, राजवंश हे बांधलेले होते. भीमगीतांनी आणि दलित कवितेने सूर्य बाबासाहेबांना बांधला. बुद्धालाही प्राचीन पाली साहित्यात सूर्याचा आप्त म्हटले आहे, त्यामुळे १९५६ नंतर त्या दोऱ्याला आणखी बळ आले. ही बांधणी क्रांतिकारक होती, कारण ज्या वस्तीला अंधाराशी जोडले होते तिनेच प्रकाशावर हक्क सांगितला. पण दोरा वापरून वापरून इतका जाड झाला, की आता सूर्य म्हटले की एकच गाठ हलते आणि बाकीच्या सगळ्या झोपून राहतात. वाचक विचार न करता मान डोलावतो. जाळ्यात हालचाल झाली नाही तर रूपक मेले असे समजावे, मग ते कितीही श्रद्धेचे असो. ज्यांनी आयुष्यभर चिकित्सा शिकवली त्यांच्या नावाने आलेली प्रतिमा चिकित्सेवाचून स्वीकारणे त्यांना मानवले नसते.

दुसरे उदाहरण जंगलाचे. शहरातून लिहिणाऱ्या आपल्या कवींना अन्यायाचे वर्णन करायचे असले की जंगल, श्वापदे, जंगलराज हे शब्द हाताशी येतात. किनवटच्या सागवनात राहणाऱ्या कोलामाला किंवा गोंडाला ते कसे लागतील? त्याच्या जाळ्यात जंगलाला मोह, तेंदू, देवाची जागा आणि घर बांधलेले आहे. भीती बांधलेली आहे ती वनखात्याच्या माणसाशी. १९४० साली याच आदिलाबाद जिल्ह्यातल्या जोडेघाटला कुमराम भीम निजामाच्या पोलिसांकडून मारला गेला तो जंगलावरचा हक्क मागताना. त्याच्या वंशजाला 'येथे जंगलराज आहे' असे सांगितले तर ते त्याला स्वराज्य वाटायला हवे! गावकुसाच्या आतल्या माणसाचा शब्द आपण गावकुसाबाहेरून उचलला आणि त्याहून बाहेरच्या माणसावर मारला. वाहरू सोनवणे यांच्या 'गोधड'ने १९८७ साली आदिवासींचे स्वतःचे जाळे मराठी कवितेत आणले, ते यासाठी मोलाचे.

स्त्रियांच्या बाबतीतही तसेच. 'माय' या शब्दाला आपल्या कवितेने कष्ट आणि त्याग बांधले. बेबी कांबळे यांचे 'जिणं आमुचं' आणि ऊर्मिला पवार यांचे 'आयदान' ही आत्मकथने वाचल्यावर त्याच शब्दाला नवऱ्याचा मारही बांधलेला दिसतो. आयदान म्हणजे बांबूच्या कामट्यांचे विणलेले सामान; आईचे विणणे आणि आपले लिहिणे यांची सांगड लेखिकेने घातली. कोकणातला तो शब्द मराठवाड्यात चटकन लागत नाही. पण बुरुडाच्या हाताला पडलेल्या चिरा पाहिलेल्याला लागतो. म्हणजे दलितत्व हेही एकच एक जाळे नाही. त्यात जातीजातींच्या, मुलखामुलखांच्या, बाई-पुरुषाच्या गाठी वेगळ्या आहेत.

यावरून कुणी असे म्हणेल, की मग ज्याचे जाळे त्यालाच कविता कळणार. बाहेरच्याने वाचूच नये. हा निष्कर्ष आम्हाला मान्य नाही. तो मान्य केला तर कवितेवरही बहिष्कार आणि वेशीचा नियम लागू होईल. जाळे जन्माने मिळते तसे वाचनाने, सहवासाने, लढ्यानेही वाढते. तेंडुलकरांनी ते वाढवले. १४ ऑक्टोबर १९५६ ला नागपुरात लाखो माणसांनी आपल्या जाळ्यातल्या किती गाठी एका दिवसात सोडल्या आणि किती नव्या बांधायला घेतल्या! अनुभव नसलेल्याला रूपक कळू शकते. त्यासाठी आपले जाळे अपुरे आहे हे त्याने आधी कबूल करावे लागते, इतकेच.

६

हा वाद आता केवळ समीक्षकांपुरता उरलेला नाही. २०१३ च्या सुमारास शब्दांची जवळीक प्रचंड मजकुरावरून यंत्राने मोजण्याच्या रीती प्रसार पावल्या, आणि आज निबंध लिहिणारी, कवितेचा अर्थ सांगणारी यंत्रे विद्यार्थ्याच्या हातात आली आहेत. त्यांचे जाळे छापील आणि साठवलेल्या मजकुरातून बनते. २०१७ साली 'सायन्स' या नियतकालिकात आलेल्या एका अभ्यासाने दाखवले, की इंग्रजी मजकुरावरून बनवलेल्या अशा जाळ्यात गोऱ्यांची नावे सुखद शब्दांच्या जवळ आणि काळ्यांची नावे दुःखद शब्दांच्या जवळ जाऊन बसतात. यंत्राने द्वेष शोधून काढला नाही. मजकुरात होता तो उचलला. मराठीत शतकानुशतके कुणी लिहिले, कुणाविषयी लिहिले, आणि कोण फक्त बोलत राहिले, हे आपण जाणतो. गोंडी आणि कोलामीत तर लिहिलेलेच थोडे. ज्यांचे बोलणे कागदावर आले नाही त्यांच्या गाठी या जाळ्यात कुठून येणार? मूकनायकाचे काम संपले असे समजणाऱ्यांनी याचा विचार करावा.

आपल्या हातातले काम मात्र साधे आहे, आणि ते इस्लापूरसारख्या गावातल्या शिक्षकालाही करता येण्याजोगे आहे. कविता शिकवण्यापूर्वी तिच्यातला मुख्य शब्द फळ्यावर लिहावा : पाणी, आग, वाट, जंगल, भाकरी, जे असेल ते. प्रत्येक मुला-मुलीने त्यावर मनात येतील ते पाच शब्द आपल्या बोलीत वहीत लिहावेत. गोंडीत आले तर गोंडीत. मग ते फळ्यावर घेऊन कोणते शब्द पुष्कळांचे, कोणते एक-दोघांचेच, ते पाहावे. येथे केंट-रोझानॉफचे माप लावायचे नाही. एकट्याचा शब्द पुसून टाकायचा नाही. तो कुठून आला ते विचारायचे. त्यानंतर कविता वाचावी आणि तीन प्रश्न विचारावेत. कवीने यातले कोणते शब्द जागे केले? कोणते झोपवले? आणि आपल्यापैकी कुणाच्याच वहीत नसलेली कोणती गाठ त्याने नव्याने बांधली? तिसऱ्या प्रश्नाचे उत्तर मिळाले नाही तर ती कविता कमी प्रतीची आहे असे म्हणायला हरकत नाही, मग कवी आपला असो की परका. कुसुमाग्रजांची कविता आणि ढसाळांची कविता, दोन्ही याच फळ्यावर याव्यात.

मार्गदर्शकातून पाठ केलेले 'काव्यसौंदर्य' परीक्षेत मांडणारा विद्यार्थी पुरे गुण घेतो, आणि आपल्या घरातली गाठ प्रामाणिकपणे मांडणाऱ्याच्या उत्तरावर लाल रेघ येते. हे जोवर चालू आहे तोवर दलित साहित्य अभ्यासक्रमात किती पाने आले, याचा हिशेब अपुरा आहे. उत्तरपत्रिका तपासणाऱ्यांमध्ये या नियतकालिकाचे वाचक आहेत. लाल रेघ ओढण्यापूर्वी त्यांनी क्षणभर थांबावे आणि पाहावे : हे उत्तर चुकले आहे, की दुसऱ्या वस्तीतून आले आहे?